कॅमेऱ्यापुढचा चेहरा



पीकपाण्याचा विषय या खेपेला बाजूला ठेवतो. शिवारफेरीच्या निमित्ताने पुष्कळ घरांच्या ओसरीवर माझे बसणे होते. भिंतीवर हार घातलेली तसबीर असते, आणि पुष्कळ ठिकाणी ती पासबुकाच्या नाहीतर आधार कार्डाच्या फोटोवरून मोठी करून घेतलेली असते. मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. घरातली म्हातारी हळूच सांगते, "हे असे दिसत नव्हते हो." चाळीस-पन्नास वर्षे मातीत राबलेल्या माणसाची मागे राहिलेली एवढीच खूण, आणि तिच्यात तो माणूसच सापडत नाही!

तुम्ही म्हणाल, आम्ही काय नटनट्या आहोत का, छान फोटो यायला? पण मोठमोठ्या नामांकित माणसांचेही असेच होते. कॅमेरा समोर आला की तेही आखडतात. फार तर त्यांचे आखडणे जरा सफाईचे असते इतकेच. बाजारात नवखे गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवर हात ठेवते तेव्हा बैल कसा कान टवकारून अंग चोरतो, तसेच हे. त्या बैलाचा स्वभाव ओळखायचा तर धन्याने वैरण टाकताना त्याला पाहावे. नामवंतांचे फोटो काढणाऱ्या थोर कारागिरांचा सगळा खटाटोप तो क्षण गाठण्यासाठी असतो.

यूसुफ कार्श हा त्यातला एक. १९०८ साली आजच्या तुर्कस्तानातल्या मार्दिन गावी, एका आर्मेनियन कुटुंबात त्याचा जन्म झाला. आर्मेनियन लोकांची तिथे कत्तल झाली, उपासमार झाली. १९२२ साली हे कुटुंब जीव घेऊन सीरियात आले आणि पुढे पोराला कॅनडात मामाकडे धाडण्यात आले. मामाचा फोटोचा धंदा होता. तिथून पुढे अमेरिकेत बोस्टन शहरी एका जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली उमेदवारी करून त्याने कॅनडाची राजधानी ओटावा इथे आपला स्टुडिओ थाटला.

३० डिसेंबर १९४१. दुसरे महायुद्ध पेटलेले. इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांचे ओटावाच्या पार्लमेंटात भाषण होते. भाषणानंतर बाजूच्या दालनात त्यांचा फोटो घ्यायचा असे ठरले होते. कार्शने आदल्या संध्याकाळीच दिवे आणि कॅमेरा मांडून ठेवला होता, पण खुद्द चर्चिलसाहेबांना कोणी काही सांगितलेच नव्हते! दिवे लागताच ते गुरगुरले, आणि कसाबसा एक फोटो काढायची परवानगी दिली. तोंडात चिरूट तसाच. कार्शने राखेचे भांडे पुढे केले, तरी साहेब चिरूट सोडीनात. तेव्हा तेहतीस वर्षांचा हा पोरगा पुढे झाला, "माफ करा" म्हणाला आणि त्याने तो चिरूट सरळ ओढून काढला. कॅमेऱ्यापाशी परत येईतो चर्चिल असे काही रागावले होते, की आता खातात की काय असे त्याला वाटले. तेवढ्यात त्याने कळ दाबली.

तोच फोटो पुढे जगभर गेला. इंग्लंड हार मानणार नाही, असे त्या चेहऱ्यावर लोकांनी वाचले. २०१६ साली इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवरही तो छापला गेला. ओटावाच्या एका मोठ्या हॉटेलातली त्याची मूळ प्रत कोणीतरी लांबवली आणि जागी नक्कल टांगली. ते २०२२ साली उघडकीस आले, आणि प्रत २०२४ साली थेट इटलीत सापडली. म्हैस चोरीला जावी तसा फोटो चोरीला गेला!

आता माझे मत सांगतो. राग खरा होता, पण तो चिरुटाचा होता, हिटलरवरचा नव्हता. मग तो फोटो अस्सल म्हणायचा की नाही? मला वाटते, म्हणायचा. कारण तो हट्टी जीव मुळात तसाच होता, चिरूट हे निमित्त झाले. पण हा मार्ग आपल्या कामाचा नाही. घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची विडी ओढून पाहा, फोटो मिळेल की काठी, ते सांगता येत नाही.

खरे तर कार्शही एरवी अशी दांडगाई करीत नसे. ज्याचा फोटो घ्यायचा त्याच्याविषयी तो आधी वाचून येई आणि समोर बसल्यावर बोलत राही. हेलन केलर या अंध आणि बहिऱ्या विदुषी त्याच्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी त्याच्याच चेहऱ्यावरून बोटे फिरवून त्याला ओळखून घेतले. फोटो काढणाराच आधी पाहिला गेला! माणसाच्या हातांवर तर तो वेगळा प्रकाश टाकीत असे. चेहरा सावरता येतो, हात सावरता येत नाहीत. नांगराची मूठ धरलेले, भाकरी थापलेले, खुरप्याने घट्टे पडलेले हात आपल्या घरोघरी आहेत, पण फोटोत ते कधी येतच नाहीत. फोटो छातीपाशीच संपतो.

एक फोटो तर त्याने चक्क पाठीमागून घेतला. पाब्लो कासाल्स हे स्पेनचे जगप्रसिद्ध वादक. गुडघ्यांत धरून वाजवायचे चेलो नावाचे मोठे तंतुवाद्य ते वाजवीत. देशात हुकूमशाही आली म्हणून ते फ्रान्समध्ये परागंदा होऊन राहिले होते. १९५४ साली तिथल्या एका जुन्या मठात कार्श गेला. म्हातारा वाजवण्यात गढून गेला होता. त्याला वळवावे असे कार्शला वाटेना. एक उंच खिडकी, दगडी भिंत, आणि पाठमोरा माणूस. फोटोत चेहरा नाही, तरी माणूस पुरता आहे.

आपल्या मराठी मुलखातले नाव घ्यायचे तर गौतम राजाध्यक्ष. शिक्षण रसायनशास्त्राचे, नोकरी जाहिरात कंपनीत, आणि पुढे नामवंतांचे फोटो हेच आयुष्याचे काम. १९९७ साली त्यांचे 'फेसेस' हे पुस्तक आले, त्यात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत चेहरे आहेत. २०११ साली ते वारले. त्यांची रीत कार्शच्या चिरुटाच्या अगदी उलटी. प्रकाश मऊ, बोलणे मऊ. गप्पांत माणूस सैल झाला की मग कॅमेरा. त्यांच्या फोटोंत सगळेच देखणे दिसतात अशी कोणी तक्रार करील. करू द्या. आईचा फोटो काढताना ती देखणी दिसली तर कुठे बिघडले?

आमच्या विस्ताराच्या कामातही हेच दिसते. दारात पाय ठेवताच रजिस्टर उघडले की शेतकरी सरकारी उत्तरे देतो. आधी गोठ्यात डोकवावे, चहा घ्यावा, पोरांची चौकशी करावी. मग खत किती टाकले आणि कर्ज किती आहे, ते खरे कळते.

आता हातोहाती मोबाईल आहेत, तेव्हा करून पाहण्यासारखे सांगतो. भर दुपारच्या उन्हात फोटो घेऊ नका. डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो. सकाळी नाहीतर दिवस कलताना ओसरीवर, दाराच्या तोंडाशी बसवा, म्हणजे उजेड एका बाजूने येईल. पाठीमागे उजेड आणि तोंडावर अंधार नको. आजोबा बाजेवर बसले असतील तर तुम्हीही खाली बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. नवा सदरा घालायला लावू नका. रोजचे मुंडासे, रोजचा चष्मा असू द्या. आजीला शेंगा फोडू द्या, सूप हातात असू द्या. "हसा" म्हणू नका. बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्ले ते विचारा, पहिली विहीर कशी खणली ते विचारा, आणि त्या सांगत असताना कळ दाबा. एकावर थांबू नका. पंचवीस घ्या, त्यातला एखादा साधेल.

आणि साधलेला फोटो मोबाईलमध्येच पडू देऊ नका. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो, पोरे तो पुसून टाकतात. तालुक्याला बाजाराला जाल तेव्हा कागदावर दोन प्रती काढून आणा. एक भिंतीवर लावा, दुसरी लेकीच्या सासरी पाठवा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. लग्न होऊन घरात येणाऱ्या सुनेला सासऱ्यांचे वडील कोणते, ते विचारावे लागणार नाही.