हळदीचा भाव आणि ताईचा रंग

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघाल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको!

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला गेले होते. माळ्यावर आजीची ट्रंक सापडली. आत जुनी मासिकं, त्यात ‘स्त्री’चेही अंक. खरं सांगू? लेखांपेक्षा मी जाहिरातीच जास्त वाचल्या. साबण, स्नो, पावडर, केशतेल. वस्तू वेगळ्या, गोष्ट एकच : बाई नटते आणि नवरा खूश होतो. तिला स्वतःला काय वाटतं, ते कुठेच नाही.

गंमत बघा. ‘स्त्री’ मासिक शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली किर्लोस्करवाडीत सुरू केलं. साताऱ्याहून सांगलीला येताना जे स्टेशन आपण झोपेत मागे टाकतो, तेच हे. जिथे लोखंडी नांगर बनत होते, तिथेच बायकांनी विचार करावा म्हणून मासिक निघत होतं. पण लेख सांगणार ‘शीक’ आणि शेजारची जाहिरात सांगणार ‘उजळ हो’!

लीला चिटणीसांचं उदाहरण घ्या. त्या काळातल्या पदवीधर, स्वतःच्या हिमतीवर नाटक-सिनेमात उभ्या राहिलेल्या. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय नटी. साबणाला मात्र त्यांची डिग्री नको होती, कांती हवी होती.

तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी कशाला उकरतेस? बरं. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली. तिच्या जाहिरातींत सावळ्या मुलीला ना नोकरी, ना स्थळ. क्रीम लावली की दोन्ही हजर! महिला संघटनांनी तक्रारी केल्या, तेव्हा २००३ मध्ये काही जाहिराती बंद झाल्या. २००५ मध्ये मुलांसाठी वेगळी फेअरनेस क्रीम आली. याला समानता म्हणायचं का? पुढे २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. लेबल बदललं. माणसं बदलली का?

त्याच सुट्टीत ताईचा बायोडेटा तयार होत होता. ताई एम.टेक. आहे, पण सगळे अडले होते ‘वर्ण’ या रकान्यापाशी. आत्या म्हणाली, “गव्हाळ लिही गं, कोण बघतंय?” आई गप्प. मीही गप्प. शेवटी ताईनेच पेन घेतलं आणि लिहिलं, ‘सावळा’. आत्या दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

मी गप्प का बसले, याचं उत्तर होस्टेलवर परत आल्यावर मिळालं. माझ्याच ड्रॉवरमध्ये अर्धी संपलेली ट्यूब पडली होती. ती मला कुणी जबरदस्तीने दिलेली नव्हती. मी स्वतः, मेसच्या बिलातून वाचवलेल्या पैशांतून घेतली होती.

नटण्याला माझा अजिबात विरोध नाही. गॅदरिंगला आपण सगळेच नटतो, मुलं तर आरसा सोडत नाहीत! प्रश्न इतकाच की आपण हौसेने नटतो, की नाही नटलो तर काहीतरी कमी आहे अशा भीतीने?

आपल्या सांगलीत हळदीचे सौदे निघतात. व्यापारी हळकुंड हातात घेतो, रंग बघतो, भाव बोलतो. हळदीचं ठीक आहे हो. पण ताईचं काय?

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल