लॉरा स्वस्त का मिळते

जुन्या बाजारात स्कोडा लॉरा हल्ली नव्या छोट्या गाडीपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळते आणि माणूस भुलतो. भुलण्यासारखी आहेच, दार लावतानाचा तो भारदस्त ‘धप्प’ आवाज या किमतीत दुसरीकडे ऐकू येत नाही. १.९ लिटरचं टीडीआय इंजिन नीट राखलं तर दोन लाख किलोमीटर कुरकुर न करता जातं. खिसा कापतात ते त्याच्या भोवतीचे भाग : टर्बो, ड्युअल मास फ्लायव्हील, डीएसजी गिअरबॉक्स असेल तर त्याचं मेकॅट्रॉनिक. इंजिन बंद करताना खालून खडखड आली तर फ्लायव्हीलचे दिवस भरत आलेत, असं समजा. टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, हेड उतरवावं लागतं आणि मायलेजचं सगळं कौतुक गॅरेजवाल्याच्या गल्ल्यात जमा होतं. दिल्लीची गाडी आणखी स्वस्त दिसेल. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार होती ना! पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स हिशेबात धरा. गाडी कुठलीही असो, टायमिंग बेल्ट आणि त्यावर फिरणारा वॉटर पंप बदलल्याचं बिल मागा. नसेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करा, मालक कितीही शपथा घेवो.