ऑफिसचा फोन मोफत सॉफ्टवेअरवर चालवताय? आधी कायदा आणि पासवर्ड पाहा

अंधेरीतला गाळा असो की मुलुंडमधलं सीएचं ऑफिस, पाच-सात टेबलांवर एक्स्टेन्शन हवं असेल तर महागडं ईपीएबीएक्स घ्यायलाच हवं असं नाही. एखादा जुना कॉम्प्युटर आणि 'ॲस्टरिस्क' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर पुरतं. अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर यांनी ते 1999मध्ये लिहिलं, कारण त्यांच्या छोट्या कंपनीला तयार यंत्रणा परवडत नव्हती.

मग खर्च कशाचा? ऑफिसमधल्या आपसातल्या कॉलना पैसे पडत नाहीत. बाहेरच्या कॉलसाठी मात्र टेलिकॉम कंपनीची लाइन लागतेच.

खरी जोखीम पुढे आहे. एक्स्टेन्शनचा पासवर्ड '1234' असेल, तर चोर रात्रीत परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल करतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. गरज नसेल तर आयएसडी बंदच ठेवा.

दुसरा मुद्दा कायद्याचा. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल परवान्याशिवाय इथल्या नंबरांना जोडून देणं म्हणजे बेकायदा एक्स्चेंज. दूरसंचार कायदा 2023चं कलम 42 हे 26 जून 2024पासून लागू आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. 'तुमची यंत्रणा वापरू द्या, महिन्याला पैसे देतो' असं कुणी म्हटलं, तर सरळ नाही म्हणा.

आणि यंत्रणा बसवणारा मुलगा उद्या नोकरी सोडून गेला, तर मुख्य पासवर्ड कुणाकडे असेल? हे आजच ठरवा.