सुटण्याचा पहिला क्षण कोणता?

स्टेशनात गाडी उभी आहे, सिग्नल मिळतो आणि ती निघते. आता सांगा बरं, तिच्या उभं असण्याचा शेवटचा क्षण कोणता आणि चालण्याचा पहिला क्षण कोणता? दोन्ही एकच म्हणालात, तर त्या क्षणी गाडी उभीही आहे आणि चालतेही आहे. वेगवेगळे म्हणालात, तर त्या दोहोंच्या मध्ये आणखी क्षण असणारच. त्या वेळात ती काय करत होती?

हसू नका. या कोड्याने सतराव्या शतकातल्या भल्याभल्यांना छळलं. जर्मन विचारवंत लायब्निझ त्यांतलाच एक. 1676च्या ऑक्टोबरमध्ये तो लंडनहून हॉलंडला निघाला, पण वारा अनुकूल नसल्याने जहाज टेम्स नदीच्या मुखाशी अडकलं. सोबतीला फक्त खलाशी. मग 30 वर्षांच्या या गृहस्थाने लॅटिनमध्ये एक संवाद लिहायला घेतला. विषय? गती! जहाज मात्र जागचं हलत नव्हतं.

त्यात तो विचारतो, माणूस मरतो त्या नेमक्या क्षणी तो जिवंत असतो की मेलेला? बदलाचा असा वेगळा क्षणच नसतो, असं तो ठरवतो. एक अवस्था संपते, तिला चिकटून दुसरी सुरू होते. पण मग वस्तू इथून तिथे जाते कशी? त्याचं उत्तर धाडसी आहे: देव तिला इथे नाहीशी करतो आणि शेजारच्या जागी पुन्हा निर्माण करतो. तुमच्या मोबाइलवरचा व्हिडिओ आठवा. त्यात हलत काहीच नसतं, सेकंदाला 24 किंवा 30 स्थिर चित्रं एकामागून एक येतात.

मला विचाराल तर या उत्तराने प्रश्न सुटत नाही, तो देवाकडे सोपवला जातो. त्याच संवादातली दुसरी कल्पना मला जास्त आवडते. पदार्थ वाळूसारखा सुट्या कणांचा नाही, तो घड्या पडलेल्या कापडासारखा आहे, असं तो म्हणतो. घडीत घडी, तिच्यात आणखी बारीक घडी. कितीही आत गेलात तरी शेवटचा बिंदू हाती लागत नाही.

आजचं गणितही काहीसं असंच सांगतं. शून्यानंतरची सर्वांत लहान संख्या शोधून पाहा. एक कोट्यंश म्हणालात, तर त्याचा निम्मा आहेच. तसाच थांबण्याचा शेवटचा क्षण असू शकतो, पण मग चालण्याचा पहिला क्षण नसतो.

लायब्निझचं जहाज पुढे हॉलंडला पोचलं. तिथे तो स्पिनोझाला भेटला.