धातूलाही थकवा येतो

मांडीचे हाड मोडले की आम्ही स्टीलची पट्टी स्क्रूने बसवतो. हाड वेळेत जुळले नाही आणि रुग्ण चालत राहिला, तर काही महिन्यांनी पट्टीच मोडते. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, पट्टी हलकी होती काय?" बहुधा तसे नसते. एक्स-रेमध्ये ती अनेकदा स्क्रूच्या छिद्रापाशी तुटलेली दिसते. एका पावलाने ती तुटत नाही, लाखो पावलांनी तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

छिद्र, खाच, काटकोनी कोपरा, वेल्डिंगची कडा अशा जागी ताण एकवटतो. रुंद पट्टी ओढली तर तिच्यातल्या लहान गोल छिद्राच्या कडेवर सरासरीच्या तिप्पट ताण येतो. खाच टोकदार असेल तर आणखी जास्त. तिथे बारीक तडा जन्मतो आणि भाराच्या प्रत्येक फेऱ्याला किंचित पुढे सरकतो.

शरीरात तापमान ३७ अंश असते. धातू तापवला की प्रकरण अवघड होते. साध्या पोलादाला नेहमीच्या तापमानात एक मर्यादा असते. तिच्या खालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा टिकते. सुमारे ४०० अंशांपुढे या मर्यादेचा भरवसा राहत नाही. धातू भाराखाली सावकाश ताणत जातो आणि तड्याच्या टोकाशी हवेतला प्राणवायू त्याला खातो. शिवाय पातळ भाग लवकर तापतो, जाड भाग उशिरा. त्या ओढाताणीमुळे प्रत्येक वेळी तापणे आणि निवणे हाच एक भार ठरतो.

याचे उदाहरण चिपळूणहून फार दूर नाही. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचा दाभोळ वीजप्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, २००६ मध्ये पुन्हा चालू झाला आणि पुढे गॅसअभावी पुन्हा थांबला. अशा गॅस टर्बाइनची पाती चाकाच्या खाचांत अडकवलेली असतात. पाती वितळू नयेत म्हणून त्यांत हवेची बारीक छिद्रे ठेवतात. पाते थंड ठेवणारे छिद्रच ताण एकवटण्याची जागा असते. म्हणून गॅस टर्बाइनची देखभाल ठरवताना चाललेल्या तासांबरोबर किती वेळा सुरू-बंद झाले हेही मोजतात.

हा हिशेब आता कोळशावरच्या वीजकेंद्रांनाही लागू होतो. दुपारी सौरवीज मुबलक असते, म्हणून त्यांनी गरजेनुसार उत्पादन ५५ टक्क्यांपर्यंत उतरवून पुन्हा चढवावे, असे केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०२३ चे नियम सांगतात. सौरवीज हवीच, पण या चढ-उताराची झीज बॉयलरच्या नळ्या आणि जाड सांधे सोसणार आहेत.

आपल्या कोकणातले काजू कारखान्यांचे आणि आंबा कॅनिंगचे बॉयलर लहान. त्यांची वाफ ४०० अंशांची नसते. पण ते रोज पेटतात, रोज निवतात. हंगाम संपला की पावसाळाभर नुसते पडून राहतात. आत पाणी किंवा दमट हवा राहिली तर गंजाचे खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा ही नवी खाच असते. पुढच्या हंगामात त्याच बॉयलरवर पूर्ण दाब चढतो.

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. वापराचा दाखला त्यातही ठरावीक मुदतीचाच आहे. सात गुन्ह्यांपैकी जिवावर बेतणाऱ्या चार गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम आहे. बाकीच्यांना आर्थिक दंड आहे. हे ठीकच. पण दाखल्याची मुदत दिनदर्शिका पाहून संपते. थकव्याला दिनदर्शिका कळत नाही, त्याला फेरे कळतात. वर्षातून पन्नास वेळा पेटलेला बॉयलर आणि तीनशे वेळा पेटलेला बॉयलर एकाच वयाचे नसतात. पाण्याच्या दाबाची चाचणी आज भांडे टिकते एवढे सांगते. आत वाढणारा बारीक तडा तिच्यातून निसटू शकतो.

म्हणून मालकांनी प्रत्येक पेटवणी वहीत नोंदवावी आणि तपासनीसाने ती वही मागावी. वेल्डिंगच्या कडा आणि नळ्यांची तोंडे अल्ट्रासाउंडने किंवा रंगद्रव्य लावून पाहावीत. यातली पहिली तपासणी आमच्या सोनोग्राफीची बहीणच. हंगाम संपताच बॉयलर नीट कोरडा करून बंद करावा. कामगारांनी आणि शेजाऱ्यांनी एवढेच विचारावे: वही आहे का, आणि शेवटची तपासणी कोणी, कुठे केली?

वाफेने भाजलेला माणूस आमच्यापर्यंत येतो, तेव्हा या प्रश्नांची वेळ गेलेली असते. निम्म्याहून अधिक अंग खोलवर भाजलेले असेल, तर आमच्या हाती थोडेच उरते. तडा मात्र बराच काळ हळूहळू वाढत असतो. त्या काळात तो शोधता येतो.