देवालये, चौपाटी आणि धक्का

इंदूरच्या व्यापाऱ्यास मुंबई परकी नाही. संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसावे आणि सकाळी मुंबई सेंट्रलला उतरावे, हे आमच्यापैकी कित्येकांच्या अंगवळणी पडलेले आहे. दोन दिवस काळबादेवी आणि मंगळदास मार्केट. तिसरा दिवस बरोबर आलेल्या मंडळींसाठी. तोही ठरलेलाच. सकाळी वाळकेश्वरास बाबू अमीचंद पन्नालाल यांच्या आदीश्वर मंदिरात पूजा, दुपारी खरेदी, सायंकाळी गिरगाव चौपाटीवर कांद्याविना केलेली भेळ, तीही सूर्य मावळण्याच्या आत. समुद्र पाहिला, देव पाहिला, यात्रा सफळ झाली.

या क्रमात वावगे काही नाही. परंतु ज्या धक्क्यामुळे हे शहर उभे राहिले, त्याच्याकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. त्या धक्क्यावरून गेलेला एक माल तर आपल्या माळव्याचाच होता. तो माल म्हणजे अफू.

बंगालच्या अफूचा मक्ता कंपनी सरकारच्या हाती होता. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखात पिके आणि सावकारांच्या हातून फिरे. मुंबईचा मार्ग अडविला, तेव्हा उंटांचे तांडे पाली, जैसलमेरवरून कराचीस जात आणि तेथून माल पोर्तुगिजांच्या दमण बंदरात उतरे. अखेर 1830 साली कंपनीने हट्ट सोडला, पेटीमागे 175 रुपयांचा परवाना ठेवला आणि मुंबईची वाट मोकळी केली. इंदूर हे त्या परवान्यांचे मुख्य ठाणे झाले. येथून निघालेल्या पेट्या मुंबईत जहाजावर चढत, कँटनच्या किनाऱ्याशी उतरत, आणि त्यांच्या मोलातून चहाची खरेदी होई.

या व्यापारातील अग्रणींत जमशेटजी जिजीभॉय यांच्याबरोबर आपल्या समाजाचे शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा शेठ, होते. भायखळ्याचे आदिनाथांचे मंदिर 1828 च्या सुमारास त्यांनीच बांधले. कार्तिकी पौर्णिमेस ज्यांना शत्रुंजयास जाणे घडत नाही, ते मुंबईकर श्रावक आजही तेथे जातात. पालिताण्याची मोतीशा टूंक त्यांचीच. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून 1832 साली मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी भुलेश्वरी पांजरापोळ उभा राहिला, तोही जमशेटजी व मोतीशा यांच्या दानातून. कुत्र्याच्या जिवासाठी थैली मोकळी करणारा हा पुरुष, आणि त्याच्या जहाजांतील पेट्या मात्र परदेशी माणसांची घरे बुडवीत होत्या. मोतीशा शेठ 1836 साली निवर्तले. तीन वर्षांनी चिनी अधिकारी लिन याने वीस हजारांहून अधिक पेट्या हुमेन येथे नष्ट केल्या. त्यांत माळव्याच्या मालाचाही वाटा होता.

हे लिहिले की काही वडीलधारी मंडळी नाराज होतात, हे आम्ही जाणतो. पूर्वजांची निंदा कशाला, त्या काळी हा व्यापार कायदेशीर होता, असे ते म्हणतात. कायदेशीर होता हे खरे. निदान आपल्या बाजूच्या कायद्याने. चीनच्या कायद्याने नव्हता. शिवाय श्रावकाला केवळ सरकारी कायदा पुरत नाही. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य स्पष्ट शब्दांत सांगितलेले आहे, आणि ती यादी मोतीशांच्या कित्येक शतके आधीची आहे. अफूला त्या यादीत कोणी बसविले नाही, याचे कारण शास्त्राची संदिग्धता की नफ्याची गोडी, याचा निवाडा आम्ही करीत नाही. दानाने ते धुऊन निघाले का, हेही आम्ही सांगू शकत नाही. मंदिरे पवित्र आहेत, तेथे आमचे मस्तक लवते. पण मुलांना मंदिर दाखवायचे आणि पेटी लपवायची, हे आम्हांस पटत नाही.

कारण प्रश्न जुना झालेला नाही. मध्य प्रदेशाने 2012 साली गुटख्यावर बंदी घातली. पुढे पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत, अशी विक्री सुरू झाली. दोन्ही पुड्या एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकास. कायदा पाळला गेला! अशा मालाची एजन्सी घ्यावी की नाही, हा प्रश्न आज व्यापाऱ्याच्या पोरापुढे येतो, तेव्हा त्यास मोतीशांचा संपूर्ण वृत्तांत ठाऊक असावा. पांजरापोळाचा, आणि पेट्यांचाही.

म्हणून आमची सूचना अशी. संघातर्फे तरुणांची सहल मुंबईस निघेल तेव्हा वाळकेश्वराबरोबर भायखळ्याचे मंदिर घ्यावे, तेथून भुलेश्वरी पांजरापोळात गाईंना चारा घालावा, मग गेटवेवरून लाँचने बंदरात एक फेरी मारावी. पलीकडे न्हावाशेवा आहे. पिथमपूरचा माल आता तेथून जातो. लाँचमध्ये ज्याला बोलता येते अशा एखाद्या सभासदाने हा इतिहास अर्ध्या तासात सांगावा, आणि मुले जे प्रश्न विचारतील ते विचारू द्यावेत. चौपाटीस जाण्यापुरता वेळ त्यानंतरही उरतो.