वकील कशाला? सगळे आपलेच तर आहेत!

मागच्या रविवारी आमच्या परळच्या खोलीवर एजंट येऊन गेला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. म्हटलं, लिहून टाकू.

आमची चाळीतली पगडीची खोली. दहा बाय सोळा, तिसरा मजला, संडास कॉमन. आईच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, म्हणून खोली विकायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं, भावही ठरला. एजंट म्हणाला, "काका, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ, नोटरी करू, झालं. मालकाशी माझं बोलणं झालंय. वकील दोन्ही पार्टींचा एकच करू, माझ्या ओळखीतला आहे." बाबा खूश. मी म्हटलं, आपला वकील वेगळा हवा. तर बाबा म्हणाले, "आपण काय भांडायला चाललोय?"

इथेच सगळी गोची आहे. आपल्याकडे वकील म्हणजे भांडण. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. अहो, पण ती पायरी चढावी लागू नये म्हणूनच आधी वकिलाची पायरी चढायची असते! हापूसची पेटी घेताना आपण खालच्या थरातले आंबेसुद्धा दाबून बघतो. आणि आयुष्यभराची कमाई लावताना 'विश्वास आहे हो' म्हणून सही?

आता एजंटच्या त्या कागदाचं बघू. पगडीची खोली आपण 'विकतो' म्हणतो, पण ती आपली नसतेच. भिंती मालकाच्या, आपण भाडेकरू. आपण देतो तो भाडेकरूचा हक्क, आणि मालकाच्या संमतीशिवाय तो देताच येत नाही. तसा दिला तर मालक त्याच कारणावरून खोली खाली करून मागू शकतो. १९४७ च्या जुन्या भाडे कायद्यात पगडी घेणं हा चक्क गुन्हा होता, म्हणून तेव्हा सगळं तोंडी, बिनपावतीचं. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि त्याच्या कलम ५६ ने हे पैसे घेणं कायदेशीर केलं. म्हणजे पंचवीस वर्षं होऊन गेली, उघडपणे चेकने, पावती घेऊन हा व्यवहार करता येतो. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी हवा आणि रजिस्टर केलेला हवा. तरी परळ-लालबागमध्ये अजून रोकड आणि नोटरी! नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं बघतो. खोली कोणाची, हे बघणं त्याचं काम नाही. मालकाचा 'तिसरा हिस्सा' म्हणतात तोही रिवाज आहे, कायद्यात असा आकडा कुठेच नाही. तो बोलून ठरवायचा आणि कागदावर आणायचा असतो.

घेणाऱ्याचं तर आणखी अवघड. परळमध्ये पगडीची खोली लोक राहायला कमी आणि रीडेव्हलपमेंटच्या आशेवर जास्त घेतात. उपकरप्राप्त इमारतीच्या ३३(७) च्या योजनेत १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेकरी धरत नाहीत. म्हणजे एका खोलीत पार्टिशन टाकून मालकाने नंतर दोन पावत्या केल्या असतील, तर दुसऱ्या पावतीवाल्याच्या हातात टॉवरचं फक्त चित्र राहणार. हे एजंट सांगेल? सांगितलं तर त्याची दलाली जाईल.

"आम्ही ओनरशिपचा फ्लॅट घेतोय, आमचं काय?" असं म्हणून हसू नका. बिल्डरच्या फाइलमध्ये सॉलिसिटरचं टायटल सर्टिफिकेट असतं, जाड कागदावर, भारदस्त इंग्रजीत. ते बघून आपण विरघळतो. तो सॉलिसिटर तीन वर्षं आर्टिकलशिप करून, लॉ सोसायटीची परीक्षा देऊन झालेला असतो, हुशारीबद्दल शंकाच नाही. पण त्याची फी बिल्डर देतो. शिवाय टायटल म्हणजे जमीन कोणाची, एवढंच. वरचे मजले मंजूर आहेत का, हा प्रश्न वेगळा. वरळीचं कॅम्पा कोला आठवा. परवानगी पाच मजल्यांची, एक इमारत गेली वीस मजल्यांवर. लोकांनी ऐंशीच्या दशकात फ्लॅट घेतले, संसार केले. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे बेकायदा मजले पाडायला सांगितले आणि जून २०१४ मध्ये पालिकेची माणसं त्या घरांचं वीज-पाणी तोडायला दारात उभी राहिली. त्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं. आपल्या पैशाने लावलेल्या वकिलाने पहिल्याच भेटीत तेच मागितलं असतं.

रेराने थोडं बरं केलंय, मान्य. रजिस्टर्ड कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, टायटल रिपोर्ट महारेराच्या साइटवर टाकावा लागतो. पण टाकलेला रिपोर्ट वाचतो कोण? ऑफिसात दोन ओळींचा बदल असला तरी दुसऱ्याने बघितल्याशिवाय आम्ही तो पुढे जाऊ देत नाही. आणि माझ्याच टीममधल्या एकाने शंभर पानी ॲग्रीमेंटवर बिल्डरच्या ऑफिसात चहा पिता पिता सह्या ठोकल्या. (वर पार्टी दिली, ती मीही खाल्ली. असो.)

तर मी हट्टाने वेगळी वकीलबाई गाठली. तिने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "भाडेपावती कोणाच्या नावावर?"

आजोबांच्या. आजोबा १९९३ मध्ये गेले. तीस वर्षांहून अधिक काळ भाडं बाबा भरतायत आणि पावती आजोबांच्या नावाने फाटतेय! बाबांनी मग कपाटातून आजोबांचं मृत्युपत्र काढलं. त्यात 'खोली दोन्ही मुलांची' असं लिहिलेलं. बाई म्हणाल्या, असली भाडेकरी मृत्युपत्राने देता येत नाही, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलंय. भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे ती जाते. बाबा तिथेच राहत होते, काका १९८८ पासून डोंबिवलीला. म्हणजे कायद्याने पारडं बाबांचं जड. पण उद्या काकांनी किंवा चुलत भावांनी तो कागद पुढे केला, तर कोर्टात उभं कोण राहणार? पैसे घेतलेले बाबा आणि पैसे दिलेला तो बिचारा गिऱ्हाईक. म्हणून आधी मालकाकडून पावती बाबांच्या नावावर करून घ्यायची, काकांकडून लेखी ना हरकत घ्यायची, मगच पुढची बोलणी. 'दोघांचा एकच वकील' यातलं काय विचारणार होता, ते एजंटलाच माहीत.

बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. "सख्ख्या भावाकडे सही मागू? आबांनी दोघांची म्हणून लिहिलंय, आणि मी त्याला कायदा दाखवू?" खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वकीलबाईंकडे होतं. हक्क तुमचा असला तरी पैसे वाटून घ्यायला कायदा आड येत नाही, किती द्यायचे तेही त्याच कागदात लिहा, म्हणाल्या. बाबांचा चेहरा तेव्हा कुठे सैल झाला.

काल काकांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद पाठव. माझ्या वकिलाला दाखवतो, मग सही करतो."

बाबा दुखावलेत. मी मात्र कागद लगेच स्कॅन करून पाठवलेत, मृत्युपत्रासकट.